छत्रीभाऊ आणि न खपलेलं कापड

बाजारात त्यांना सगळे छत्रीभाऊ म्हणायचे. तोंडावर नुसतं भाऊ, पाठ वळली की छत्रीभाऊ. हे नाव कुणी पाडलं ते मला विचारू नका. शिंप्याच्या पोटमाळ्यावर दिवसभरात इतकी माणसं येऊन बोलून जातात की कुठली गोष्ट कुठून सुटली याचा छडा लागत नाही. मी तोंड बंद ठेवतो असा माझा दावाच नाही. ओठांत टाचण्या धरलेल्या असतात तेवढा वेळ ठेवतो.

मी त्यांच्या दुकानाचा शिंपी. आत शिरलं की डाव्या हाताला लाकडी जिना, वर पोटमाळा, तिथं माझं मशीन. तिथून खालचं सगळं दुकान ताटात वाढून ठेवल्यासारखं दिसतं. कापडाच्या काउंटरच्या बरोबर डोक्यावर त्यांचं घर. त्या घरातल्या प्रत्येकाची मापं माझ्याकडे आहेत. कोण सुटलं, कोण वाळलं आणि कोण पोट आत ओढून माप देतं, सगळं मला ठाऊक.

दुकान उभं केलं भाऊंच्या वडिलांनी. आम्ही त्यांना मालक म्हणायचो, घरात ते अप्पा. खांद्यावर गाठोडं टाकून दारोदार कापड विकता विकता त्यांनी एक गाळा घेतला. शेजारचा कुलूपवाला धंद्याला कंटाळला तशी मधली भिंत पाडून दोन केले. मग मागच्या बाजूला मजले चढले. तयार कपडे आले, भांडी आली, बॅगा आल्या, खेळणी आली. एक लिफ्टसुद्धा आली. ती चालायची कमी आणि पाहुण्यांना दाखवायची जास्त. घरातलं एकेक माणूस एकेका विभागाला जुंपलं गेलं. थोरली लेक, जिला सगळा बाजार ताई म्हणतो, ती गल्ल्यावर बसली ती बसलीच. धाकट्या मुलाला खेळण्यांत टाकलं. त्याला पोरं आवडत नसत आणि पोरांना तो, त्यामुळे आया पटकन काहीतरी उचलून चालू लागायच्या. विक्री झकास. मधला मुलगा म्हणजे आपले भाऊ. त्यांच्याकडे कापडाचं काउंटर आणि कापडाची खरेदी.

मालकांचे दोन नियम होते. पहिला, गिऱ्हाइकानं ज्याला विचारलं त्यानं दाखवायचं. "मी या खात्याचा नाही", "त्यांना विचारा" असलं काही चालायचं नाही. हा नियम भाऊंच्या हाडात मुरलेला. न्हाव्याच्या खुर्चीत एक गाल साबणाचा असताना दारातून कुणी अस्तराचं विचारलं, तर भाऊ तसेच फेसासकट उठून दुकानात आलेले मी पाहिलेत. न्हावी मागोमाग वस्तरा घेऊन. गिऱ्हाइकाला वाटलं मारामारी आहे.

दुसरा नियम असा की जे आपण अंगावर घालणार नाही ते दुसऱ्याला विकायचं नाही. ऐकायला किती छान! मालक होते तोवर छानच चाललं. ताईंच्या हातात गल्ला आला आणि नियमाची शिवण उलटी बसली. ताईंचा हिशेब सरळ होता. चांगला माल गिऱ्हाइकासाठी. जो खपला नाही तो घरात. म्हणजे आपलं अंगावर घालणंही झालं आणि माल फुकटही गेला नाही. त्यामुळे दुकानात काय पडून राहिलं हे बघायला आत जायची गरजच नसे. संध्याकाळी ते कुटुंब फिरायला निघालं की सगळा साचलेला माल फुटपाथवरून ओळीनं जाताना दिसे. समोरच्या दुकानाचे मालक खुर्ची टाकून बघायचे म्हणे. समोरच्या दुकानाला या घरात नाव नव्हतं. नुसतं 'समोर' म्हणायचे, तेसुद्धा तोंड कडू करून.

आता छत्र्यांकडे येतो.

भाऊ खरेदीला जायचे तेव्हा व्यापारी तळहाताएवढ्या तुकड्यांचे नमुने दाखवायचे. अशाच एका तुकड्यावर पिवळ्या रंगात एक जांभळी नाजूक वेलांटी होती. भाऊंना वाटलं वेल. "वेलबुट्टी आहे, बायका तुटून पडतील," म्हणाले आणि गाडीभर तागे सांगून आले. माल आला. पहिला तागा भाऊंनी सगळ्यांसमोर उलगडला. त्यांचा तागा उलगडण्याचा एक हात होता, वडिलांकडून आलेला. मनगटाला एक झटका, धप धप धप, आणि शेवटची घडी अशी सरळ येऊन पडायची की काउंटरवर कुणी पाणी ओतलंय असं वाटावं. तसा तो पडला. आणि कळलं की ती वेलांटी वेलीची नव्हे. छत्रीची मूठ होती. थाळ्याएवढ्या जांभळ्या छत्र्या, एक उघडी, एक मिटलेली, एक उघडी, एक मिटलेली.

बायका तुटून पडल्या खऱ्या, पण हसून हसून.

कुणी रुमालाएवढाही तुकडा घेतला नाही. मग तो माल घरी गेला. वहिनींना, म्हणजे भाऊंच्या बायकोला, छत्र्या. भाऊंच्या शर्टाला छत्र्या. उशांचे अभ्रे, पडदे, पिशव्या, सगळीकडे छत्र्या. आणि त्यांच्या एकुलत्या एक लेकीला फ्रॉकमागून फ्रॉक. शिवले मीच. पोटावर उघडी छत्री आली की ती रडायची, म्हणून मी मिटलेली पोटावर आणायचो आणि उघडी पाठीवर ढकलायचो. शाळेत पोरं विचारायची, "काय गं, आज पाऊस आहे का?" तिनं घरी कधी सांगितलं नाही. मला सांगायची, कारण मी शाळेतल्या भानगडी चवीनं ऐकायचो.

भाऊंना ते ठाऊक होतं. लेक जिन्यावरून उतरताना दिसली की ते पाठ करून तागे नीट लावायला घ्यायचे. आधीच नीट असलेले तागे. बाजारात कुणी "भाऊ, आज आभाळ आलंय" म्हटलं की हसायचे, पण कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. स्वतःची चूक माणूस विसरतो, झाकतो, दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. या माणसाची चूक रोज सकाळी वेणी घालून दप्तर घेऊन त्याच्यासमोरून जायची.

छत्र्या विटल्या तशी दुसरी खरेदी घरी आली. शेवाळी रंगाचं एक, अंगाला टोचणारं एक. आणि गंमत बघा, भाऊंची खरेदी सुधारली तरी सुटका नव्हतीच. चांगलं आणलं की ते लोकांच्या अंगावर जाई. चुकलं की लेकीच्या.

लेक मोठी झाली, शिकली, तिला एका ऑफिसात नोकरी लागली. शनिवारी कळलं, सोमवारी हजर व्हायचं. शनिवारी दुपारीच ती काउंटरशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, एक मागू?"

"माग की."

"पहिल्या दिवशी घालायला एक साधा निळा कपडा हवाय. आपल्याकडे पडून राहिलेला नको. लोकांनी हौसेनं नेलेला."

भाऊंनी गल्ल्याकडे बघितलं. ताई बघतच होत्या.

"शेवाळीतलं एक आहे, अगदी नवंकोरं..." भाऊ म्हणाले.

"बाबा, लहानपणापासून मी न खपलेलं घालतेय. आता मीच न खपलेली वाटायला लागलेय."

एवढं बोलून ती वर गेली. रागावून बोलली असती तर बरं होतं. सहज बोलली. भाऊंच्या हातात कात्री होती, ती त्यांनी खाली ठेवली, उचलली, परत ठेवली. मग ताईंकडे गेले.

"ताई, पोरीला निळ्यातलं थोडं..."

"निळा चालतोय," ताई म्हणाल्या. "चालता माल घरात न्यायचा? अप्पांनी कधी नेला? त्या शेवाळ्याचं काय करू मग, लोणचं घालू?"

नोकर हसले. भाऊही हसले. घाबरून हसायची त्यांना सवयच होती.

ताईंचं एक सांगतो, नाहीतर तुम्ही त्यांना खलनायिका कराल. त्या स्वतः तोच शेवाळी घालून बसलेल्या होत्या. त्यांच्या अंगावर जन्मात कधी हौसेचा धागा चढला नाही. मापं माझ्याकडे आहेत, मला माहीत आहे. पण दया आली की माणूस त्यांच्या जवळ जातो आणि मग त्या बोलतात, आणि दया पळून जाते.

आमचं दुकान दुपारी जेवायला बंद व्हायचं. समोरचं उघडं असायचं. त्या दुपारी भाऊ मागच्या दारानं बाहेर पडले. समोर जायचं, पण कुणाला दिसायचं नाही. तोंड लपवायला त्यांनी काय घ्यावं? छत्री! कोरड्या ठणठणीत दिवशी, ऊन बेताचं असताना, काळी छत्री नाकापर्यंत खाली ओढून छत्रीभाऊ रस्ता ओलांडून गेले. फुटपाथवरचा चांभार उठून उभा राहिला बघायला. मी पोटमाळ्याच्या खिडकीत होतो. जेवण हातात तसंच राहिलं.

आत काय झालं ते मला तिथल्या विक्रेत्यानं रंगवून सांगितलं. मीठमसाला त्याचा, हाडं खरी.

भाऊ मागच्या कोपऱ्यात गेले. कुणालाही काही न विचारता त्यांनी तागे चाचपले, किनार दोन बोटांत धरून बघितली, कापड मुठीत चुरगळून सोडलं. आणि एक निळा निवडला. निवड बघून तो विक्रेता म्हणाला, बापाची नजर होती हो. ताग्याचा शेवट होता, एका ड्रेसपुरताच उरलेला. भाऊंनी तो छातीशी धरला आणि पैसे द्यायला वळले.

तेवढ्यात एक बाई आल्या. बरोबर त्यांची मुलगी. भाऊ काउंटरशी उभे, हातात कापड, गळ्यात माप घ्यायची पट्टी. ती काढायची विसरलेले! बाई म्हणाल्या, "अहो, हिला नोकरी लागलीये. ऑफिसला शोभेलसं काही दाखवा ना."

आता सांगा, कुणीही काय म्हटलं असतं? बाई, मी इथला नाही. चार शब्द. भाऊंना ते चार शब्द येतच नव्हते.

"बसा ना बाई," भाऊ म्हणाले. "रंग कुठला आवडतो ताईसाहेबांना?"

आणि सुरू झाले. मनगटाला झटका, धप धप धप. समोरच्या दुकानात असा तागा कधी कुणी उलगडला नव्हता. विक्रेते गोळा झाले, गिऱ्हाइकं गोळा झाली. भाऊंनी हिरवा दाखवला, राखाडी दाखवला, पोत सांगितला, धुतल्यावर काय होईल ते सांगितलं. मुलगी नाही नाही अशी मान हलवत राहिली. शेवटी तिचं बोट भाऊंच्या काखेतल्या निळ्याकडे गेलं.

"तो नाही का दाखवत?"

विक्रेता म्हणाला, "काका, त्या क्षणी त्यांचा चेहरा असा झाला, मला वाटलं आता नाही म्हणतात." पण गिऱ्हाइकानं मागितलेलं भाऊंनी आयुष्यात कधी नाकारलं नव्हतं. त्यांनी तो निळा काखेतून काढला. मुलीच्या खांद्यावर टाकून आरशासमोर नेलं. आणि दुकानदाराच्या तोंडून जे नेहमी निघतं ते निघालं, "तुमच्यासाठीच ठेवला होता बघा."

बाई खूश. मुलगी खूश. निळा गेला.

गर्दीच्या मागे समोरचे मालक उभे होते. ते टाळ्या वाजवत पुढे आले. "वा भाऊ! उद्यापासून येता का? पगार वाढवून देतो, आणि छत्री ठेवायला वेगळी जागा."

भाऊ कोरड्या उन्हात छत्री तिथंच विसरून परत आले.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती हसत हसत सांगितली असती. पण समोरच्या मालकांना विनोद आवडायचे, आणि माणूस मनानं वाईट नव्हता, हे दोन्ही एकदम झालं. संध्याकाळच्या ऐन गर्दीत त्यांचा म्हातारा नोकर आमच्या दारातून आत आला. एका हातात भाऊंची छत्री, दुसऱ्या हातात पुडकं. पुडक्याच्या कागदावर समोरचं नाव मोठ्या अक्षरांत. त्यानं ते सरळ ताईंच्या पुढ्यात ठेवलं.

"भाऊंनी दुपारी आमच्याकडे झकास विक्री केली. मालकांनी भेट पाठवलीये. गोदामातून शोधून काढला, तसलाच निळा."

दुकानातलं बोलणं थांबलं. माझंही मशीन थांबलं. ताईंनी कागद सोडला. आत निळं कापड.

"भाऊ, इकडे ये," ताई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "तू समोर गेला होतास?"

भाऊंनी म्हाताऱ्याच्या हातातली छत्री घेऊन खाली ठेवली.

"कापड घ्यायला? आपलं एवढं दुकान सोडून? कुणासाठी?"

आणि नेमकी त्याच वेळी लेक घराच्या जिन्यानं खाली उतरत होती. मला वरून दिसत होती, मधल्या पायरीवर थांबलेली. भाऊ तिला पाठमोरे. तिनं निळं बघितलं आणि तिला सगळं कळलं. तोंड असं उजळलं होतं पोरीचं! भाऊंनी एवढंच म्हणायचं होतं, माझ्या लेकीसाठी. बस. भर दुकानात, सगळ्यांसमोर. ताईंनी आकाशपाताळ एक केलं असतं, पण पोरीला ते कापडापेक्षा मोठं झालं असतं.

भाऊ म्हणाले, "कुणासाठी नाही. भाव बघायला गेलो होतो. कुणासाठी म्हणून नाही."

दोनदा म्हणाले.

"मग परत कर," ताई म्हणाल्या.

"हो, हो," भाऊ म्हणाले. पुडकं त्यांनी स्वतः बांधलं, दोरीला गाठ मारली, म्हाताऱ्याच्या हातात दिलं, वर हसलेसुद्धा. मग वळले आणि जिन्यावर लेक दिसली. ती आली तशीच पाठ फिरवून वर गेली. भाऊ तागे नीट लावायला वळले, पण त्या दिवशी तागे कुणीतरी खरोखरच विस्कटलेले होते, आणि तरीही त्यांचा हात उचलला जाईना.

रविवारी दुकान बंद. मी मशीनला तेल घालत होतो. लेक वर आली.

"शिंपीकाका, छत्र्यांतलं काही उरलंय?"

उरलेलं होतं. अर्धा तागा मी दुपारी डोक्याखाली घ्यायचो. मी म्हटलं, "कशाला गं? त्यापेक्षा तो शेवाळी..."

"छत्र्याच. आणि काका, उघडी समोर येऊ दे. मोठी उघडी, बरोबर मध्यभागी."

मी बरंच काही बोलणार होतो. पण तिनं टाचण्या माझ्या हातात दिल्या आणि ती मापाला उभी राहिली. मी त्या तोंडात धरल्या आणि ड्रेस शिवला.

सोमवारी ती दुकानाच्या पुढच्या दारातून निघाली. पिवळा धमक ड्रेस, पोटावर ही एवढी जांभळी छत्री. भाऊ दारात पायपुसणं झटकत होते. ती त्यांच्यासमोर थांबली. "येते, बाबा."

हा राग होता की लाड, मला आजतागायत कळलेलं नाही, आणि मला सहसा सगळं कळतं. भाऊंना तर मुळीच कळलं नाही. एकदा मला म्हणाले, "तिनं मला वाचवलं की चारचौघांत उभं केलं, ते तू तरी सांग." मी विषय बदलला. त्या सकाळी ते दारात पायपुसणं धरून उभे होते, ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत. चांभार काहीतरी बोलायला तोंड उघडत होता. मी वरून त्याला हातानं गप्प केलं. हे माझ्या हातून क्वचितच होतं.

घरात दोघं बोलायची, जेवलीस का, उशीर झाला का, इतपत. खरेदीला गेलं की भाऊ आता तुकड्यावर भुलत नसत. अख्खा तागा उलगडायला लावायचे, स्वतःच्या खांद्यावर टाकायचे आणि व्यापाऱ्यांच्या आरशात बघायचे. व्यापारी खाली माना घालून हसायचे. त्यांना हसू देत.

मग महिना झाला. पगाराच्या संध्याकाळी कापडाच्या काउंटरला रांग होती. भाऊ मान खाली घालून मोजत होते, कापत होते. एक गिऱ्हाईक गेलं, पुढचं आलं. भाऊंनी वर न बघताच नेहमीसारखं म्हटलं, "बोला बाई, काय दाखवू?"

"निळा दाखवा," समोरून आवाज आला. "जो खपतोय तो."

भाऊंनी वर बघितलं. लेक रांगेतून आली होती. हातात छोटी पर्स.

"अगं, तू इथं... थांब, मी ताईला विचारतो..."

"विचारायचं कशाला? मी विकत घेतेय."

मागच्या बाई म्हणाल्या, "आवरा हो लवकर." गिऱ्हाइकानं मागितलं की दाखवायचं. भाऊंनी निळ्याचा तागा काढला. मनगटाला झटका द्यायला गेले आणि तो बसला नाही. कापड काउंटरवर गोळा होऊन पडलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी सरळ केलं, लहान मुलाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करावं तसं. मोजलं. कात्री लावताना चार बोटं पुढे सरकवली, जास्तीचं. गल्ल्यावरून ताईंना ते दिसलं. दिसलंच. त्या आपल्या शेवाळी बाहीवरचा एक धागा काढत बसल्या.

भाऊंनी पुडकं बांधलं. काहीतरी बोलायचं होतं त्यांना, ओठ हलत होते. पण आयुष्यभर पुडकं देताना जे वाक्य म्हणत आले ते सोडून दुसरं सापडेना. आणि ते वाक्य त्यांनी समोरच्या दुकानात कुणा दुसऱ्याच्या मुलीला देऊन टाकलं होतं.

लेकीनं थोडी वाट बघितली. मग पुडकं घेतलं, ताईंकडे पैसे भरले, उरलेले मोजून घेतले. घराचा जिना आतूनच होता, चार पावलांवर. ती तिकडे वळली नाही. गिऱ्हाइकासारखी पुढच्या दारानं बाहेर पडली, कोपऱ्यावरून वळून मागच्या जिन्यानं वर गेली.

"अहो, माझं अस्तर," मागच्या बाई म्हणाल्या.

"हो, देतो," भाऊ म्हणाले. पण ते छताकडे बघत होते. वर दार उघडल्याचा आवाज आला, मग तिची पावलं, आतल्या खोलीपर्यंत. तिथं आरसा आहे. पावलं तिथं थांबली.